तीर्थयात्रेचा बेत

कोणताही बेत कागदावर नीट उतरला की तो पार पडलाच, असे मनुष्याला वाटू लागते. आमच्या वकिली धंद्यात तर हा दोष फार मुरलेला आहे. खरेदीखत लिहून झाले की जमीन पक्षकाराच्या ताब्यात आली, अशा समजुतीने आम्ही लेखणी खाली ठेवतो. ताब्यासाठी पुढे किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते पक्षकाराला मागाहून कळते. म्हणून यंदा पावसाळ्यात आमच्या जुन्या मित्रांनी मुंबईस एकत्र जमण्याचे ठरविले आणि त्या बेताचा मसुदा करण्याचे काम आमच्या गळ्यात घातले, तेव्हा आम्ही वरवर कुरकुर केली, पण मनातून सुखावलो.

बेत कसला होता, हे सांगावयास मात्र थोडे धैर्य पाहिजे. या मासिकाचे वाचक म्हणजे देवळाच्या उत्सवात पंक्तीला बसणारी, पालखीला खांदा देणारी मंडळी. आमचेही नाव गावच्या देवस्थानाच्या कमिटीवर आहे. अशा मनुष्याने मुंबईत पब-क्रॉल करण्याचा बेत आखला, हे वाचून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या तर त्यात त्यांचा दोष नाही. पण निबंध लिहावयास बसलेल्याने साक्षीदाराप्रमाणे खरे सांगावे. आणि खरे इतकेच की आम्ही अगदीच सोवळे नाही. वर्षातून दोनचार प्रसंगी, मित्रमंडळीत, आम्ही पेला हातात धरलेला आहे.

पब-क्रॉल हा शब्द ज्यांच्या कानांवरून गेला नसेल त्यांच्यासाठी थोडे विवरण करतो. पब म्हणजे इंग्रजांचे पब्लिक हाऊस, अर्थात सार्वजनिक गृह. जेथे कुळगोत्र विचारीत नाहीत, खिशात पैसे आहेत की नाहीत इतकेच पाहतात, अशी बसावयाची जागा. क्रॉल म्हणजे रांगणे. एका पबात एक पेला घ्यावा, उठावे, चालत दुसऱ्यात जावे, तेथे एक घ्यावा, आणि असे करीत रात्र घालवावी. आरंभी मनुष्य चालतो आणि शेवटी रांगतो, यातच त्या नावाचा अर्थ आला. आमच्याकडे दारूला थट्टेने 'तीर्थ' म्हणण्याची चाल जुनीच आहे. तेव्हा बँकेत असलेल्या आमच्या मित्राने या कार्यक्रमाला 'तीर्थयात्रा' असे नाव देऊन टाकले, आणि तेच रूढ झाले.

मित्र एकंदर चौघे. पंचवीसेक वर्षांपूर्वी बेळगावास एका वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहत होतो. पुढे एक बँकेत गेला, एक जहाजांच्या कंपनीत, एक शाळामास्तर झाला. तिघेही मुंबईस स्थायिक झाले. चौथे आम्ही. कायद्याची पदवी घेऊन पुन्हा जोयड्याच्या रानात परतलो. आमच्या गावी फोनवर बोलावयाचे तर घरामागच्या टेकडीवर, फणसाच्या झाडापाशी जाऊन उभे राहावे लागते; खाली यंत्रास आवाज सापडत नाही. हा सारा बेत तेथेच शिजला. एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन, पायांना जळवा. मात्र बोलणे चालले होते ते तिघांतच. चौथ्याचे काय, ते पुढे येईल.

मार्ग ठरविताना आम्ही पुष्कळ कष्ट घेतले. रीगल सिनेमाच्या कोपऱ्यावरील कॅफे माँदेगार हे पहिले स्थान. गोव्यातील लोटलीचे मारियो मिरांडा यांनी तेथील भिंती चितारल्या आहेत. कोंकणी मुलखातून आलेल्याने आरंभ आपल्या मनुष्याच्या चित्रांखाली करावा, हे आम्हांला शोभून दिसले. दुसरे लिओपोल्ड, १८७१ सालचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी तेथे गोळीबार केला. त्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी मुद्दाम राखून ठेवल्या आहेत. तिसरे, ताजमहाल हॉटेलच्या मागील गल्लीतील 'गोकुळ'. नाव गोकुळ, पण तेथे दहीदूध शोधणाऱ्याची निराशा होईल. चौथे, फोर्टातील इराण्याचे कॅफे मिलिटरी. चार स्थाने, चार पेले, आणि अखेर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून समुद्राला जुन्या गोष्टी सांगणे.

मार्ग झाला, मग कायदा पाहावयास घेतला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अद्याप जिवंत आहे, ही गोष्ट पेला हातात धरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? पूर्वी त्याच्या नावात मुंबई होती, आता महाराष्ट्र आहे, एवढाच बदल. त्याप्रमाणे दारू पिणे हा मूळचा गुन्हा. परवाना असला तरच नव्हे. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत आणि जन्मभराचा १,००० रुपयांत मिळत आला आहे. आणि परवाना कशासाठी? तर कायद्याच्या भाषेत, प्रकृती राखण्यासाठी व टिकविण्यासाठी! मुंबईत शनिवारी रात्री एवढे लोक आपली प्रकृती राखीत बसलेले असतात, हे वाचून आम्ही एकटेच हसलो. १९५१ साली बालसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी उचलून धरला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांपुरती मात्र बंदी रद्द ठरविली. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि एकाच बापाचे मृत्युपत्र दोन मुलांनी दोन रीतींनी वाचावे तसे झाले. गुजरातने बंदी पाळली. महाराष्ट्राने हळूहळू परवान्याची खिडकी रुंद केली.

मोटारींचा कायदाही पाहिला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर, २०१९ च्या दुरुस्तीपासून, पहिल्याच गुन्ह्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून आम्ही कलम घातले: कोणीही स्वतःचे वाहन आणू नये. गांधी जयंती, आषाढी एकादशी असे मद्यविक्री बंद असलेले दिवस वगळून दिवाळीनंतरचा एक शनिवार मुक्रर केला. दर दोन पेल्यांमागे एक पेला पाणी, रिकाम्या पोटी काही घेऊ नये, परतीचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा, अशी आणखी कलमे आली. मसुदा पाच पानांचा झाला. त्यात काही राहून गेले असेल, असे आम्हांला वाटेना.

दारूबंदीचे हे पुराण आम्हांला परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा कारवार जिल्हा मुंबई राज्यातच होता. त्या वेळी आमच्या तालुक्याला सुपे म्हणत. ते सुपे पुढे १९८० च्या दशकात काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, तेथील माणसे रामनगरास जाऊन राहिली, आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तर त्या काळी घाटावर मुंबईचा कायदा होता, आणि घाटाखाली पोर्तुगीजांचा गोवा होता, तो १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. वर कोरडे, खाली ओले. मध्ये फक्त रान. आजोबा सांगत की काजूच्या हंगामात काही लोकांचे घाटाखालच्या पाहुण्यांवरील प्रेम एकाएकी उफाळून येई. कोण कधी उतरला आणि कोण कसा परतला, याची नोंद गावच्या बायका ठेवीत. पोलिसांच्या नोंदीपेक्षा ती पक्की असे.

तोच घाट आम्ही चौघे विद्यार्थी असताना उतरलो होतो. शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी बेळगावहून गाडी धरली. रामनगर, अनमोड, मग घाट उतरून मोलें. रस्त्याकडेच्या एका दुकानात बाकांवर बसलो. तिघांनी पेले घेतले. चौथा, जो पुढे मास्तर झाला, तो लिंबाचे सरबत मागवीत होता. त्याच्या घरी कोणी कधी दारूला शिवले नव्हते. 'एक घोट घेऊन पाहा, मग नको म्हण,' असे त्याला म्हणून ज्याने पेला पुढे केला, तो हात आमचा होता.

त्याने घेतला. वाईट तोंड केले. आम्ही तिघे हसलो, तोही हसला, आणि ती संध्याकाळ पुढे वर्षानुवर्षे आमच्या गोड आठवणींत जमा राहिली.

त्यानंतरची वीस वर्षे येथे सांगण्याचे कारण नाही. शाळेत तोंडाला वास येऊ लागला, खाडे पडू लागले, पत्नी मुलीला घेऊन काही काळ माहेरी राहिली, आणि आमच्यापर्यंत हे सारे तुटक तुटक येत राहिले. आम्ही दोनदा पत्र लिहिले, एकदा पैसे पाठविले. तीन वर्षांपूर्वी तो रुग्णालयातून बाहेर पडला, तेव्हापासून त्याने थेंब घेतलेला नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणून व्यसन सोडू पाहणाऱ्यांची एक संघटना आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी तिचा आरंभ झाला. तिच्या बैठकींना तो नेमाने जातो. तेथे जन्मभराच्या शपथा घेत नाहीत. आजचा दिवस घ्यावयाची नाही, एवढेच. उद्याचे उद्या.

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल की तीर्थयात्रेचे बोलणे तिघांतच का चालले होते. आम्ही मास्तरला वगळले ते दुष्टपणाने नव्हे. उलट, त्याला मोहात पाडू नये म्हणून, फार विचाराने, दयेने वगळले. त्याला कळू नये, अशीही तजवीज केली होती.

तजवीज टिकली नाही. बँकेतील मित्राच्या तोंडून काही निसटले असावे. श्रावणातल्या एका संध्याकाळी आम्ही टेकडीवर असतानाच फोन वाजला. मास्तर होता. थोडा वेळ त्याने पावसापाण्याचे विचारले, आईची प्रकृती विचारली, आणि मग आमच्या घरच्या भाषेत म्हणाला:

"सोरो सोडला हांवें. तुमकां सोडूंक ना."

आम्ही कोर्टात पुष्कळ उलटतपासण्या पाहिल्या आहेत. इतके थोडे शब्द लागलेली एकही आठवत नाही. आम्ही चाचरत म्हणालो, "तुला त्रास होऊ नये म्हणून रे." तो रागावला नव्हता. तो म्हणाला, "तुमच्या पबांत मी येणार नाही. तेवढे बळ अजून आलेले नाही, आणि आहे असे सोंगही करणार नाही. पण वकीलसाहेब, सात ते दहा या वेळेला माझी सर्वांत अधिक ओढाताण होते. पूर्वी त्या वेळी बोलावणारे दहा जण होते. आता दारूला कोणी बोलावीत नाही, हे ठीकच. चहालाही कोणी बोलावीत नाही. सगळ्यांना माझी दया येते."

पाऊस वाढला म्हणून फोन बंद झाला, की आम्हीच केला, ते आता सांगता येत नाही.

त्या रात्री आम्ही स्वतःवरच एक खटला चालवून पाहिला. मोलेंच्या बाकावर आम्ही पेला पुढे केला, हे मान्य. पण पुढचे पेले आम्ही दिले नाहीत. तिघांनी तोच पेला घेतला आणि ते तिघे बिघडले नाहीत. तो सज्ञान होता. मध्ये वीस वर्षे गेली. कोणतेही कोर्ट आम्हांला निर्दोष सोडील. आणि तरीही झोप आली नाही. कोर्टाने सोडले म्हणजे दोष गेला असे होत नाही, हे आम्ही इतकी वर्षे पक्षकारांच्या बाबतीत पाहत आलो होतो. स्वतःच्या बाबतीत पाहावयाची पाळी प्रथमच आली. पहिल्या पेल्याबद्दल आम्हांला वाटले त्याहून अधिक वाईट या पाच पानांच्या मसुद्याबद्दल वाटले. पेला दिला तेव्हा आम्ही अजाण होतो. मसुदा करताना आम्ही पुरते शहाणे होतो.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोघांना फोन केला. बँकेतील मित्र स्पष्टवक्ता. तो म्हणाला, "एकाला उपास म्हणून साऱ्या घराने उपाशी बसावयाचे काय? वर्षातून एकदा आपण भेटणार. त्याला दुपारी जेवावयास बोलावू, संध्याकाळी आपण जाऊ." त्याचे म्हणणे वेडगळ नव्हते. दुसऱ्याचे पथ्य आपल्याला लागू होत नाही, आणि चार पेल्यांनी तिघांचे काही बिघडणारही नव्हते. पण दुपारी जेवून घरी गेलेल्या मास्तरला सात कोठे वाजतील, हा प्रश्न उरतच होता.

आम्हांला तेव्हा देवळातली पंगत आठवली. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्यावाचून पहिल्या पानावरचा मनुष्य हात घालीत नाही. मग तो यजमान असो की गावचा सावकार. भूक प्रत्येकाची निराळी, पण आरंभ एक. आम्ही मित्राला एवढेच म्हणालो, "ज्या पंक्तीत आपल्या चौथ्या पानावर वाढता येत नाही, ती पंगत आपण घालू नये. तुझा पेला कोणी काढून घेत नाही. तो तीनशे चौसष्ट दिवस तुझाच आहे." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरे. पण पीयूष तरी चांगले मिळणाऱ्या ठिकाणी न्या." जहाजवाल्या मित्राने, नेहमीप्रमाणे, बहुमताला मत दिले.

मग नवा मसुदा झाला. तो एका पानात मावला. आरंभ संध्याकाळी पाचला, धोबीतलावावर, मेट्रो सिनेमासमोरच्या कयानीत. १९०४ सालचे हे इराण्याचे दुकान. ब्रून पाव, मस्का आणि चहा. तेथून चालत गिरगावास, पणशीकरांकडे. पीयूष व साबुदाण्याची खिचडी, म्हणजे बँकवाल्याची अट पुरी. तेथून गल्ल्यागल्ल्यांतून चौपाटीवर. वाळूत बसणे, भेळ, भांडणे, जुन्या गुरुजींच्या नकला. आणि रात्री, चढ चढून वाळकेश्वरास, बाणगंगेच्या पायऱ्यांवर.

हे शेवटचे स्थान मास्तरने सुचविले. बाणगंगेचा तलाव गौड सारस्वतांच्या मंदिर-न्यासाच्या व्यवस्थेत आहे, काठावर कवळे मठाची वास्तू आहे, आणि वाळकेश्वराचे देऊळ १७१५ साली राम कामती यांनी पुन्हा उभे केले, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना घरच्या गोष्टीसारखे ठाऊक असेल. रामाला तहान लागली, लक्ष्मणाने बाण मारला आणि पाणी वर आले, ही कथाही सर्वांना माहीत. आम्हांला नवल वाटते ते डोळ्यांदेखतच्या गोष्टीचे: समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि झऱ्याचे पाणी गोड. मास्तर पूर्वी वाईट दिवसांत तेथे जाऊन बसत असे, हे आम्हांला या वेळी प्रथम कळले. बँकवाला म्हणाला, "म्हणजे नाव बदलावयास नको. तीर्थयात्राच."

पब म्हणजे सार्वजनिक गृह, असे आम्ही आरंभी सांगितले. कुलाबा-फोर्टातील त्या चार घरांना आम्ही नावे ठेवीत नाही. पुन्हा केव्हा तरी मारियोंच्या चित्रांखाली बसूही. परंतु मूळच्या पाच पानांत सर्व कायदे पाळले गेले होते, आणि एक मित्र बाहेर राहिला होता. आताच्या पानात पाहावा असा कायदाच नाही. परवाना लागत नाही, दंड नाही. एका स्थानावरून दुसऱ्या स्थानापर्यंत चालताना चौघे असावेत, एवढे एकच कलम आहे.

आईला हे सांगितले. तिला मास्तर आठवतो. सुट्टीत आमच्याकडे येऊन तो तिला फणसाचे गरे काढू लागत असे. तिचा जन्म सुप्याचा; पाण्याखाली गेलेल्या घरातला. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "बुडिल्लो गांव वयर येना. मनीस येता." आणि त्याच्यासाठी फणसाचे पापड बांधून द्यावयाचे म्हणून डबा शोधू लागली.

लोंढ्याहून गाडीचे तिकीट काढून झाले आहे. दोघा मित्रांचा होकार आला आहे. मास्तरला विचारले तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवसाचे मी आज कसे सांगू? आजचे विचार." आमच्या धंद्याला असे मोघम उत्तर चालत नाही, पण मसुद्यात त्याच्या नावापुढची जागा आम्ही कोरी ठेवली आहे, आणि त्याला रोज आजचे विचारतो. दिवाळीला अजून सहा आठवडे आहेत. हे लिहीत असताना घड्याळात सातला दहा मिनिटे कमी आहेत, बाहेर पाऊस आहे, आणि टेकडीपर्यंत जावयाला तेवढा वेळ लागतोच. येथे थांबतो.